बाबांच्या मापाची गाडी

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी बाबांचं माप घेतलं. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली, बाबांना गॅलरीतल्या खुर्चीवर ताठ बसवलं आणि गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंतचा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवला. बाबा म्हणाले, "पँट शिवतोयस काय रे?" मी म्हटलं, "हलू नका, चुकेल."

मापाला कारण होतं. आदल्या वर्षी बाबा मोरीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूचा गोळा बसला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की मांडी घालायची नाही आणि बुटक्या आसनावर बसायचं नाही. किती दिवस, ते मी विचारलं नाही. जन्मभर, असं मीच धरून चाललो. घरातला बुटका वेताचा मोडा फेकून दिला, पलंगाखाली विटा लावल्या. बाबा कुठे बसायला लागले की मी आधी त्या जागेची उंची बघायचो.

आम्ही लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. दीड वर्षात बाबा पाच-सहा वेळा खाली उतरले असतील, तेही हॉस्पिटलसाठी. बाकी सगळा वेळ गॅलरीतली खुर्ची आणि खालची गल्ली. बत्तीस वर्षं या शहरात बस चालवलेला माणूस. त्यांचं असं बसून राहणं मला बघवत नसे आणि बघवत नाही म्हणून मी त्यांच्यावरच करवादत असे. आई गेल्यापासून त्यांच्या बाजूने बोलणारंही घरात कोणी उरलं नव्हतं.

त्यात यंदा पाळी आली. कणकवलीच्या पुढे आमचं गाव. तिथे पाच चुलत घरांचा मिळून एकच गणपती. दर वर्षी पूजेला बसायचा मान एका घराचा, म्हणजे पाच वर्षांनी एकदा. बाबा आजवर एकदाही बसले नव्हते. नोकरीत असताना ऐन गणपतीत ड्रायव्हरला रजा कोण देणार? त्यांच्या जागी धाकटे काका बसायचे. निवृत्तीनंतरची पहिली पाळी सुतकात गेली, दुसरी लॉकडाऊनमध्ये. आता तिसरी. वय त्र्याहत्तर. पुढची पाळी येईल तेव्हा काय असेल, हे घरात कोणी तोंडाने बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. बाबा एकदाच म्हणाले, "यंदा बसाक मिळाला तर बरा." त्यानंतर विषय नाही.

एसटीची पायरी त्यांना जमणार नव्हती, रेल्वेचीही नाही. बायको म्हणाली, भाड्याची गाडी करू. मी म्हटलं, भाड्याची कशी येईल, सीट केवढी असेल, कोणी सांगावं! खरं सांगायचं तर मला गाडी हवीच होती. सेहेचाळीस वर्षांचा झालो, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यात पिवळ्या फायली लावता लावता अर्धं आयुष्य गेलं. एकदा तरी आपल्या हाताने एखादी गाडी चार लोकांनी वळून बघावं अशी पळवावी, एवढीच हौस. बाबांच्या पाळीचं निमित्त मिळालं आणि मी ते पकडलं.

परळला पूर्वी जिथे गिरणीचं गोडाऊन होतं तिथे आता शोरूम आहे. रविवारी आम्ही सगळे गेलो. बाबाही. त्या दिवशी त्यांना तीन मजले उतरवायला वीस मिनिटं लागली. आत गेलो तर बर्फासारखा एसी आणि मधोमध दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. एक बुटकी, रुंद, लाल शिलाईच्या सीटची, मागे धुराची दोन जाड नळकांडी. दुसरी उंच, पांढरी, सात सीटची.

सेल्सची मुलगी पंचविशीतली, चटपटीत. मी त्या बुटकीभोवती दोन फेऱ्या मारल्या तेव्हा ती हसली. म्हणाली, "सर, इथे दोनच प्रकारच्या गाड्या आहेत. लोक बघायला येतात ती, आणि घेऊन जातात ती."

तासाभरात मला ते पटलं. पुरुष आले की बुटकीत शिरायचे, स्टिअरिंग धरायचे, एकदा आरशात स्वतःला बघायचे, आणि उठून बायकोमागोमाग दुसऱ्या गाडीकडे जायचे. बॉनेट उघडायला लावून आत गंभीरपणे बघणारे तर सगळेच. आत काय दिसत होतं, देव जाणे. मीही बघितलं. काळं प्लास्टिकचं झाकण होतं. माहीमचे एक ख्रिश्चन काका घरून गिटारची रिकामी पेटी घेऊन आले होते. ती डिकीत आडवी बसली की नाही एवढंच त्यांनी पाहिलं, बसली म्हटल्यावर मायलेजसुद्धा विचारलं नाही. वरळी कोळीवाड्याच्या एका ताई सीटचं कापड नाकाला लावून बघत होत्या. "वास धरेल काय गो हा?" त्यांनी विचारलं आणि ती मुलगी पहिल्यांदाच माहितीपत्रक चाळू लागली. मला त्या दोघांचा हेवा वाटला. त्यांना काय हवंय ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

आमच्याकडे मात्र प्रत्येकाची यादी. बायकोला घाटात गाडी लागते, म्हणून मागे एसीचा वारा हवा. डिकीत गावचे तांदूळ आणि नारळाचं पोतं मावायला हवं. मुलीला छपराला खिडकी. काकांचा गावाहून फोन, की गाडी खालून उंच हवी, घराच्या वाटेवर चिरे आहेत. वर्षातले पाच दिवस गावाला जायचं आणि उरलेले तीनशे साठ दिवस लालबाग ते दादर. पण आम्हा कोकणवाल्यांची गाडी त्या पाच दिवसांसाठी ठरते. आमच्या चाळीत ज्याने ज्याने गाडी घेतली, त्याने गणपतीला गावाला जाण्याच्या हिशेबानेच घेतली. मग वर्षभर ती मोठी गाडी घेऊन भाजी आणायला जातात.

गिरगावात राहणारा माझा भाचा तेवढा वेगळा. आयटीत आहे, अजून लग्न नाही. त्याने दोन वर्षांपूर्वी अशीच बुटकी, आवाज करणारी गाडी घेतली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याला धारेवर धरलं होतं. "चपलेत बसल्यासारखं वाटतं," असं मी स्वतः म्हणालो होतो. आतून जळत होतो, ही गोष्ट निराळी.

मी हट्टाने बुटकीची टेस्ट ड्राइव्ह घेतली. सेल्सची मुलगी शेजारी बसली. शोरूममधून निघालो, वळून पुलाच्या रस्त्याला लागलो आणि कचऱ्याच्या गाडीमागे उभे राहिलो. "सर, स्पोर्ट मोड दाबून बघा," ती म्हणाली. मी दाबला. काट्याचा रंग लाल झाला, इंजिन गुरगुरलं, आणि आम्ही तिथेच. अर्ध्या तासात दोन सिग्नल झाले. तरी सांगतो, पाय हलकाच टेकवला की ती गाडी अंगाखाली सरसावायची. मला ते आवडलं. इतकं आवडलं की परत शोरूममध्ये शिरताना मी गाडी मुद्दाम हळू घेतली. कारण काय होणार ते मला माहीत होतं.

आत बायको टेप घेऊन उभी होती. बुटकीची सीट बाबांच्या मापापेक्षा वीतभर खाली. उंच गाडीची अगदी बरोबर. बाबांना उंच गाडीत बसवलं, उतरवलं, पुन्हा बसवलं. दरवाजा किती उघडतो, धरायला वर कडी आहे का, डोकं लागतं का, सगळं पाहिलं. मुलीने फोटो काढले. त्या सेल्सच्या मुलीने विचारलं, "काका, कम्फर्टेबल?" आणि उत्तर मी दिलं. बाबा म्हणाले, "तुका होयी ती घे," आणि कडी धरून उतरले. मला हवी होती ती तिकडे उभी होती. मी उंच गाडीवर सही केली. आपण केवढे मोठे पुत्र, असं स्वतःलाच सांगत घरी आलो, आणि रात्री बायकोने भाजीत मीठ जास्त घातलं एवढ्यावरून भांडलो.

गाडी जूनमध्ये आली. चाकाखाली लिंबू, चाळभर पेढे. कंपाउंडमध्ये मागच्या भिंतीला तिला जागा मिळाली. मग कळलं की ती काढायची तर पुढच्या दोन स्कूटर हलवायच्या, त्या स्कूटरवाल्यांना हाका मारायच्या, पाण्याच्या टाकीचं झाकण वाचवायचं आणि गल्लीत समोरून टेम्पो नाही ना ते बघायला मुलीला नाक्यावर उभं करायचं. दर रविवारी सात सीटच्या गाडीत एकटा बसून मी दादरपर्यंत जायचो. तिथे उभं करायला जागा नाही, म्हणून न उतरता तसाच परत यायचो. गाडीत बसलो की मला छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. पण गणपतीपर्यंत दम धरायचा, असं ठरवलं होतं. एकदा बाबांना पाटावर नाही तर स्टुलावर, पण गावच्या मखरासमोर बसवलं की सगळं वसूल.

आता माझा मूर्खपणा सांगतो. तो लालबागच्या माणसाच्याच हातून होऊ शकतो.

मी आमच्या गल्लीतल्या मंडळाचा वीस वर्षं कार्यकर्ता. गणपतीत हातात दोर घेऊन गल्लीच्या तोंडावर उभं राहणं हे माझं काम. शेजारच्या मोठ्या मंडळाची दर्शनाची रांग आमच्या गल्लीसमोरून जाते. एकदा बांबू आणि पत्रे लागले की मुंगी शिरत नाही. किती गाडीवाल्यांना मी दटावलंय! "काका, आता विसर्जनानंतर. आधी काढायला काय झालं होतं?" मंडळात मराठी टाइप करणारा मी एकटाच, म्हणून दर वर्षीची सूचनाही माझीच. सर्व वाहनधारकांनी आपली वाहने चतुर्थीच्या दोन दिवस आधी गल्लीबाहेर काढावीत. वाहन आत राहिल्यास चावी व चालक जागेवर उपलब्ध असावा. यंदाही मीच टाइप केली, मीच ग्रुपवर टाकली, वर दोन हात जोडलेली चित्रंही लावली. पण वाहनधारक म्हणजे ते दुसरे लोक, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की आपल्या नावावर मागच्या भिंतीला एक वाहन उभं आहे, हे मनाला शिवलंही नाही.

हरितालिकेच्या दिवशी सकाळी सातला आम्ही निघालो. बाबा सहा वाजल्यापासून तयार होते. सोवळ्याची पिशवी त्यांनी कोणाच्या हातात दिली नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत ते खाली आले, उंच सीटवर अलगद बसले. बायको म्हणाली, "माप बरोबर आलं हो." मला भरून आलं. स्कूटर हलवल्या, कंपाउंडबाहेर पडलो, गल्लीत वळलो आणि पुढे पत्रे.

पत्र्यांपलीकडे रांग लागलेली होती. माणसं वर्तमानपत्र अंथरून बसली होती. मंडळाचा सेक्रेटरी माझा शाळेतला दोस्त. तो धावत आला आणि काचेवर थाप मारून म्हणाला, "येडा झाला काय तू? मेसेज कोणी टाकला होता?"

"एक पत्रा सरकव ना रे. दोन मिनिटांचं काम."

"आणि ती रांग कुठे सरकवू? तूच सांग. वीस वर्षं तूच सांगतोयस ना लोकांना?"

मी गाडी मागे घ्यायला गेलो. तेवढ्यात मागे जनरेटरची गाडी येऊन कंपाउंडच्या दारात टेकली होती. तिच्या चाकांना दगड लावून माणसं वायरी ओढू लागली होती. म्हणजे पुढे रांग, मागे जनरेटर, डावीकडे भिंत, उजवीकडे आमचाच मंडप. दरवाजे वीतभरच उघडत होते.

दोन तास आम्ही तसेच बसलो. रांगेतली माणसं पत्र्यावरून वाकून बघत होती. एका बाईने आमच्या आरशात टिकली नीट केली. मुलगी मोबाइलमध्ये तोंड घालून बसली, बायको पिशव्या पुन्हा पुन्हा मोजत राहिली. मी हॉर्नवर हात ठेवला तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले. "वाजवू नको. अडकलं की अडकलं. इंजिन बंद कर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं असणार. मांडीवर सोवळ्याची पिशवी, नजर समोर पत्र्यावर. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांची पाळी माझ्यामुळे जाणार होती, आणि तीही अशी, घरापासून चाळीस पावलांवर.

शेवटी मुलीने भाच्याला फोन केला. तो तासाभरात आला, गाडी पुलाखाली लावली आणि पत्र्यांवरून चढून आमच्यापर्यंत पोचला. "मामा, आजोबांना दे माझ्याकडे. गावाला संध्याकाळी जाणारच होतो, आता जातो."

"त्या गाडीत? सीट रस्त्याला टेकलीय तुझी. त्यांना जमणार नाही."

"बघू तरी," बायको म्हणाली.

दोस्ताने चार कार्यकर्ते बोलावले. मंडपाचा एक बांबू सोडून दरवाजा उघडला, बाबांना कसंबसं बाहेर काढलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि खुर्ची खांद्याच्या उंचीवर उचलून पत्र्यांवरून पलीकडे, रांगेतून नेली. "बाजूला, बाजूला!" लोक ओरडू लागले, "व्हीआयपी आहेत का हे? आम्ही पहाटेपासून उभे आहोत!" बाबांनी वरूनच त्यांना हात जोडले. मी मागे धावत होतो, खिशात टेप.

भाच्याची गाडी खरंच जमिनीला टेकलेली. मी डोळे मिटून घेणार होतो. बाबांनी काठी बायकोच्या हातात दिली. दाराकडे पाठ केली, एक हात छपरावर ठेवला, कंबर आधी आत सोडली, मग दोन्ही पाय उचलून आत घेतले. चार सेकंदही लागले नसतील. "चला," ते म्हणाले.

मागे बायको आणि मुलगी. चौथी सीट भाच्याची. पाचवी नव्हतीच, आणि असती तरी मला जाता येत नव्हतं. चावी व चालक जागेवर उपलब्ध. गाडी मोठ्ठा आवाज करत निघाली, रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. मी परत पत्रे ओलांडून माझ्या गाडीत जाऊन बसलो.

चतुर्थीच्या सकाळी तिथेच होतो. जनरेटर सुरू झाल्यामुळे सीट बारीक थरथरत होती. अकराच्या सुमारास मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मखरातला गणपती, समया, आणि स्टुलावर बाबा. सोवळं नेसलेले, ओले केस मागे फिरवलेले. इतकं देखणं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला रडूच आलं, मी लपवलंही नाही.

"जमलं ना बाबा? पाय दुखला नाही ना गाडीत?"

"पाय?" बाबा हसले. गुरुजी मागे उभे होते, त्यांना त्यांनी हाताने थांबवलं. "अरे, राजापूरच्या पुढे रस्तो मोकळो गावलो. मी पोराक म्हटलं, भिया नको, दाब. काय पळवल्यान रे गाडी! बत्तीस वर्षा चलवलंय, पण तिसऱ्या गिअराच्या वर हात कधी गेलोच नाय. काल कळला, गाडी काय असता ती. खाली बसला की रस्तो कसो अंगावर येता." ते थांबले. मग अगदी सहज म्हणाले, "तशी कित्याक घेतलंस नाय तू?"

"तुमच्यासाठीच ना बाबा. तुम्हाला बसता यावं म्हणून."

"माका कोणी इचारल्यान?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी कोणाचं नाव सांगणार? गाडी चालवण्यावर सगळं आयुष्य काढलेला एकच माणूस आमच्या घरात होता आणि त्याला शोरूममध्ये नेऊन मी त्याच्या गुडघ्याचं माप घेऊन आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"नाही विचारलं बाबा," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"बरा," बाबा म्हणाले आणि गुरुजींकडे वळले. मुलीने फोन बाजूला ठेवला असावा, कारण मला फक्त घराची कौलं दिसत होती. खाली बाबांचा आवाज, संकल्पात स्वतःचं नाव आणि गोत्र सांगत असलेला. मी तो पूर्ण ऐकला.